चेहरा जुळत नाही

शेतमालक बांधावर आला तो चहाचा पेला हातात घेऊनच. चहा घरी संपवून येण्याइतकाही दम त्याला निघाला नव्हता, म्हणजे बातमी चांगली नसणार, एवढं बाईला लांबूनच कळलं. ती पेट्यांच्या रांगेत उकिडवी बसून वाट्यांत पाणी ओतत होती. बेचाळीस मधपेट्या, प्रत्येकीला चार पाय, आणि मुंग्या वर चढू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली पाण्याची एक वाटी. उन्हाळ्यात या वाट्या दिवसातून दोनदा भराव्या लागत. तिची कंबर माश्यांनी नाही, या वाट्यांनी मोडली होती.

"वहिनी, पेट्या हलवा," मालक म्हणाला. "गुरुवारी सकाळी फवारणी आहे."

बाई उठून उभी राहिली. आज मंगळवार. समोर मालकाचं सूर्यफूल माना टाकून उभं होतं, आणि खालच्या पानांची अळीनं जाळी करून टाकली होती. ते तिला आठ दिवसांपासून दिसत होतं. मालकाला दिसू नये एवढीच तिची इच्छा होती.

"संध्याकाळी फवारा की. ऊन कललं की माश्या घरात येतात, आम्ही दारं लावून घेऊ."

"मशीन भाड्याचं आहे. ते त्याच्या वेळेनं येणार. गुरुवारी माझ्याकडे, शुक्रवारी खालच्या रानात, मग ओढ्यापलीकडे. आठ दिवस चौफेर हेच चालायचंय."

"एवढं जहर?"

"अळी काय माझ्या एकट्याकडे पाहुणी आलीय?" मालकानं उरलेला चहा एका घोटात संपवला. "तुमच्या माश्यांमुळे दाणा चांगला भरतो, हे मी चारचौघांत सांगतो. पण पीकच गेलं तर दाणा भरायचा कशात?"

माणूस वाईट नव्हता. दोन वर्षं त्यानं जागेचं भाडं घेतलं नव्हतं, फक्त दोन बरण्या मध. तो गेला तशी ती तंबूकडे आली.

तंबूच्या दाराशी बसलेल्या म्हातारीनं, म्हणजे तिच्या सासूनं, सगळं ऐकलं होतं. बाई तिला आत्या म्हणायची. आत्याला दिसायचं कमी, पण ऐकू सगळं यायचं, नको ते जरा जास्तच.

"ढकलगाडीवरून ओढ्यापलीकडे नेल्या तर, आत्या?" बाईनं विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"आणि माश्या?" आत्या म्हणाली. "पेटी जाईल ओढ्यापलीकडे. माशी उडाली की फिरून इथंच येणार. तिला ही जागा पाठ झालीय. न्यायच्या तर पाच-सहा मैल लांब न्या, नाहीतर हात लावू नका."

म्हणजे लॉरी. दरवेळी लॉरीच लागायची. फुलोरा संपला की पेट्या उचलायच्या, दुसऱ्या फुलोऱ्याला नेऊन ठेवायच्या, वर्षातून पाच वेळा. पूर्वी ड्रायव्हरच्या हातावर नोटा टेकवल्या की काम व्हायचं. मग एक ड्रायव्हर दहा जणांचे पैसे घेऊन गायब झाला, आणि लॉरीवाल्यांच्या ऑफिसनं रोख घेणं बंद केलं. आता फोनवरून जागा धरायची, खात्यातून पैसे गेले की लॉरी निघायची. बाईनं ऑफिसला फोन लावला. पलीकडचा कारकून ओळखीचा होता.

"उद्या संध्याकाळी गाडी आहे," तो म्हणाला. "नऊ हजार. उद्या दुपारी बारापर्यंत खात्यातून येऊ द्या. मी रांगेत नाव टाकतो."

"टाका. पैसे आहेत."

आणि होतेच. गेल्या महिन्यात विकलेल्या मधाचे नऊ हजार सहाशे. दुसऱ्याच्या दारात हात पसरायची वेळ नव्हती, याचं तिला त्या क्षणी मोठंच समाधान वाटलं.

नवरा सायकलवरून लांबच्या फळबागेत जागा विचारायला निघाला. त्याला गावोगाव फुग्या म्हणत. बारीक अंगाचा माणूस, पण एक माशी डसली की तोंड पातेल्याएवढं व्हायचं. जाळी घालून, बाह्या बांधून काम करायचा, तरी आठवड्यातून एखादी आत शिरायचीच. खातं उघडताना फोननं चेहरा मागितला, तेव्हा हाच प्रश्न आला होता. फुग्याचा चेहरा सोमवारी एक असायचा, गुरुवारी दुसरा. बाईला मात्र माश्या डसत नसत. बारा वर्षांत हातावर पाच-सात डंख, तोंडावर एकही नाही. जाळीसुद्धा ती घालायची नाही.

"हिचं थोबाड कायम सारखंच," आत्यानं तेव्हा निकाल दिला होता. "हसली तरी तेच, रुसली तरी तेच. हिचंच द्या."

म्हणून खातं बाईचं. बँकेला ना खोली होती ना खिडकी. सगळा कारभार फोनात. रोख भरायची तर जवळच्या दुकानात जायचं. फोनवर रेघारेघांचं एक चित्र यायचं, दुकानदार त्यावर लाल उजेड पाडायचा, बीप वाजायचं, की नोटा त्याच्या गल्ल्यात आणि आकडा तिच्या खात्यात. मोठी सोय होती. आज या गावात तर पुढच्या महिन्यात त्या गावात, अशा माणसांना याहून काय हवं?

पण त्याआधी नोटा काढायच्या होत्या, आणि नोटा सतराव्या पेटीत होत्या.

पेट्यांचा धंदा करणारे पैसा तंबूत ठेवत नाहीत. फुग्याचा बाप ठेवत नव्हता, त्याचा बापही नाही. सगळ्यांत तिखट माश्यांची जी पेटी असेल, तिच्या बुडाच्या फळीखाली मेणकापडात गुंडाळून ठेवायचा. चोर कितीही निगरगट्ट असला तरी तिथं हात घालत नाही. काढायचा तो दिवस बुडाल्यावर, धूर देऊन, सावकाश. पण दुकानातला भरणा सहाला बंद होत होता आणि ऊन डोक्यावर होतं. शिवाय हवा कोंदलेली. फुलांतला रस आटला की माश्या चिडखोर होतात, आणि त्या दिवशी तर सगळी रांगच कुरकुरत होती.

"संध्याकाळी काढ गं," आत्या म्हणाली. "सकाळी भर पैसे."

"सकाळी काही अडलं तर? बारापर्यंतच वेळ आहे."

तिनं धुराड्यात गोणपाट पेटवलं. गोणपाट ओलसर होतं. धूर आला तो पांढरा, पातळ. आणखी दहा मिनिटं थांबली असती तर नीट पेटलं असतं. तिनं पेटी पुढून उचलून वीट सरकवली, बुडाखाली हात घातला, आणि मेणकापड फळीला चिकटलेलं लागलं. उन्हानं मेण पातळ होऊन डिंकासारखं बसलं होतं. तिनं ओढलं. पेटी हादरली.

मग जे झालं ते मोजायला तिला सवड मिळाली नाही. कपाळावर एक, भुवईत एक, मग गालावर, ओठावर, कानाच्या पाळीवर. ती ओरडली नाही. पेटी आदळू नये म्हणून तिनं आधी वीट काढली, पेटी हळूच खाली टेकवली आणि मगच पळाली. आत्यानं बोटांनी चाचपून चाचपून तिच्या तोंडावरचे काटे नखानं खरवडले. अकरा निघाले.

"आता कळलं ना माझ्या पोराला काय होतं ते," आत्या म्हणाली.

दुकान गावाच्या तोंडाशी होतं. खिळे, बिस्किटं, चपला, साबण, फोनच्या वायरी, सगळं एका छताखाली. आणि गल्ल्याशेजारी तो लाल उजेडाचा डबा. दुकानदार जाडजूड, बोलका. बाई पोचली तेव्हा तिचा डावा गाल वर यायला लागला होता.

"काय ताई, आज फुग्याभाऊंचं तोंड तुम्ही घालून आलात?" तो हसला. मग नोटा हातात घेतल्यावर हसू थांबलं. "आणि या नोटा आहेत की मलमाच्या पट्ट्या?"

"मेण आहे हो. घ्या ना."

त्यानं एकेक नोट सोलून मोजली, अंगठा फडक्याला पुसत. मागे चार गिऱ्हाईकं उभी राहिली. त्यांतली एकजण नाकाला पदर लावून म्हणाली, "कसला वास येतोय?" मधाचा आणि धुराचा येत होता, पण बाईला एकदम अंगाला घाण लागल्यासारखं वाटलं. तिनं नजर खाली घातली.

"तीन हजार होतील," दुकानदार म्हणाला. "एका दुकानात एका दिवशी तीनच. बाकी चौकातल्या दुकानात भरा, उरलेले पेट्रोल पंपावर. नियम माझा नाही. मी नुसता उजेड पाडतो."

बीप वाजलं. तीन हजार. ती चौकात गेली, दोन मैल, चालत. तिथल्या पोरगेल्या दुकानदारानं तिच्या तोंडाकडे न बघता उजेड पाडला. बीप. सहा हजार. पंपावर पोचेपर्यंत डावा डोळा पूर्ण मिटला होता आणि ओठ असा सुजला होता की "नमस्कार" म्हणताना तो मधेच कुठेतरी अडकला. पंपावरचा माणूस म्हणाला, "आधी दवाखान्यात जा, बाई." ती म्हणाली, "आधी हे." बीप वाजलं. नऊ हजार.

फोनवर आकडा आला. तिनं उजव्या डोळ्यानं तो दोनदा वाचला. मग त्याच्या खाली लाल अक्षरं आली: *रक्कम रोखून ठेवली आहे. थोड्या वेळात तीन ठिकाणी रोख भरणा झाला. खातेदाराने आपली ओळख पटवावी.* आणि खाली एक गोल. गोलात चेहरा बसवा.

तिनं बसवला.

*चेहरा जुळत नाही. चांगल्या उजेडात पुन्हा प्रयत्न करा.*

ती पंपाच्या छपराखालून बाहेर उन्हात आली. मान डावीकडे वळवा, फोन म्हणाला. वळवली. उजवीकडे. वळवली. डोळे मिचकवा. उजवा मिचकवला, डाव्याला मिचकवायला आधी उघडावं लागणार होतं. तिनं दोन बोटांनी पापणी वर धरली, सोडली, पुन्हा धरली. गाडीत पेट्रोल भरणारा एक जण खिडकीतून बघत बसला.

*चेहरा जुळत नाही.*

तिसऱ्या वेळी तिनं तोंडावर गार पाणी मारलं, केस मागे बांधले, जमेल तेवढं साधं तोंड केलं. खातं उघडताना केलं होतं तसं.

*चेहरा जुळत नाही. सुरक्षेसाठी आता चोवीस तासांनी प्रयत्न करता येईल.*

फुग्या संध्याकाळी खुशीत परतला. बागेत जागा मिळाली होती, सावली होती, पाणी होतं. बायकोचं तोंड बघून तो सायकल स्टँडवर लावायचं विसरला. सायकल धाडकन पडली.

"तुला डसल्या?" एवढंच तो म्हणाला. जणू सूर्य मावळायचा राहिला असावा, असं.

बाईनं सगळं सांगितलं. त्यानं उरलेले सहाशे मोजले, जसे काही ते मोजताना वाढणार होते. आत्या पुटपुटत होती, "पैसा होता तेव्हा बरा होता. पेटीखाली होता. दिसत तर होता."

बुधवारी सकाळी बाई पुन्हा दुकानात. दुकानदारानं या वेळी चेष्टा केली नाही. स्टूल दिलं, थंड पेयांच्या पेटीतून बर्फाचा खडा काढून फडक्यात बांधून दिला. ती गिऱ्हाइकांच्या वाटेत गालाला बर्फ लावून बसली आणि पाणी कोपरावरून ठिबकत राहिलं.

"माझे तीन हजार तरी परत द्या ना हो. तुमच्याच गल्ल्यात टाकलेत काल."

"ताई, बीप वाजलं की ते माझे राहत नाहीत. कंपनी माझ्याकडून रात्रीच काढून घेते. ते वर गेले."

"वर म्हणजे कुठं?"

दुकानदारानं छताकडे पाहिलं. तिथं पंखा होता. "ते मलाही कोणी सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"मग तुमच्या खात्यातून लॉरीचे भरा. पैसे सुटले की मी देते. मध ठेवते तुमच्याकडे, वीस बरण्या."

त्यानं बराच वेळ काउंटर पुसला. "गेल्या साली एकाचे असेच भरले मी. माझं खातं दोन महिने बंद. या दुकानावर सहा माणसं जेवतात, ताई." मग जरा थांबून, "आणखी बर्फ देऊ?"

त्यानंच मदतीचा नंबर लावून दिला. गाणं वाजलं, मग सूचना, मग पुन्हा गाणं. शेवटी एक मुलगी आली. आवाज गोड होता, याचाच बाईला राग आला.

"मॅडम, तुमचा चेहरा आमच्या नोंदीशी जुळत नाहीये."

"सुजलाय तो. माश्या डसल्यात."

"अच्छा. सूज कधी उतरेल, मॅडम?"

"दोन-तीन दिवस लागतील."

"मग दोन-तीन दिवसांनी प्रयत्न करा ना."

"उद्या सकाळी फवारणी आहे! मला लॉरी आज पाहिजे. माश्या मरतील माझ्या."

मुलीसमोरच्या कागदावर माश्यांचं काही लिहिलेलं नसावं. "मी तुमची अडचण समजू शकते, मॅडम. तुमचे पैसे पूर्णपणे सुरक्षित आहेत."

"सुरक्षित तर ते पेटीखालीही होते, बाई," बाई म्हणाली. तिच्या सुजलेल्या ओठांतून ते निम्मंच बाहेर पडलं, आणि मुलीनं विचारलं, "सॉरी, पुन्हा सांगाल?"

बारा वाजून गेले. लॉरीच्या कारकुनाला तिनं तीनदा फोन केला. दोन वेळा त्यानं उचलला.

"वहिनी, मी काय तुम्हाला ओळखत नाही? पण तुमच्या खात्यात पैसे दिसले की ते आपोआप कापले जातात नि गाडी निघते, नाही दिसले तर नाही निघत. माझं बोट कुठंच लागत नाही. तुम्ही 'रांगेत राहा' दाबून ठेवा. रोज दाबा, नाहीतर नंबर जाईल. पैसे आले की पहिली गाडी तुमची."

तिनं दाबलं. दुपारी चोवीस तास भरले, तेव्हा गोलात पुन्हा चेहरा बसवला. बर्फानं सूज कमी व्हायच्या ऐवजी गाल लालभडक झाला होता. *चेहरा जुळत नाही. आता अठ्ठेचाळीस तासांनी.*

त्या संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर दोघांनी बेचाळीस पेट्यांची दारं लावली. ओलं गोणपाट पेट्यांवर टाकलं. गोणपाट पुरलं नाही, तेव्हा बाईनं आपली लुगडी भिजवून टाकली, अंथरुणातली चादर टाकली, आत्यानं अंगावरची शाल काढून दिली. बंद पेटीत माश्या एखादा दिवस काढतात. गार दिवस असेल तर.

गुरुवारचा दिवस गार नव्हता.

मशीन साडेसातला आलं. ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना लांब हात पसरलेले, आणि त्यांतून धुक्यासारखं काही खाली बसत होतं. मालक स्वतः बांधावर येऊन उभा राहिला. "पेट्यांकडच्या दोन ओळी सोडायला सांगितल्यात मी," तो म्हणाला. त्याच्या परीनं त्यानं केलं. पण वारा त्याच्या हातात नव्हता, आणि वाऱ्याला दोन ओळी कुणी समजावून सांगितल्या नव्हत्या.

फुग्या ओढ्यावरून कावडीनं पाणी आणत होता आणि बाई ते पेट्यांवर शिंपडत होती. पहिल्या पेटीपासून बेचाळिसाव्यापर्यंत जाईतो पहिली कोरडी व्हायची. ओढा पावणेदोन फर्लांग. फुग्यानं दुपारपर्यंत एकतीस खेपा केल्या, मग त्याचे पाय वळले आणि तो वाटेतच बसला. उरलेल्या खेपा बाईनं केल्या. एका डोळ्यानं चालताना खड्डा नीट कळत नाही. दोनदा पडली, दोनदा घागरी रिकाम्या झाल्या.

आत्या पेट्यांना कान लावत फिरत होती. बंद पेटीत आधी आवाज वाढतो. सगळ्या मिळून पंख हलवून वारा घालतात, पेटी भणभणते, हात लावला तर हाताला कळतं. मग आवाज बारीक होतो.

"नऊ नंबरची गेली," आत्या दुपारी दोनला म्हणाली. मग, "तेरा. चौदा." मग तिनं नुसतेच आकडे सांगायला सुरुवात केली, आणि बाई ओरडली, "आत्या, सांगू नका! नका सांगू!"

अडीचला फुग्या उठून आला. "उघडू या," तो म्हणाला.

"बाहेर जहर आहे."

"आत भट्टी आहे."

दोघंही खरं बोलत होते. त्यांनी दारं उघडली. गेलेल्या पेट्यांतून काहीच आलं नाही, फक्त वितळलेलं मेण फटीतून ओघळलं. बाकीच्यांतून माश्या भसाभस बाहेर पडल्या, दारावर क्षणभर घुटमळल्या आणि पाण्यासाठी, वाऱ्यासाठी सरळ सूर्यफुलाकडे गेल्या. बाईनं हातातला पदर फडफडवून त्यांना हाकलायचा प्रयत्न केला. "इकडे नका गं जाऊ," ती म्हणत होती. "इकडे नका जाऊ." फुग्यानं तिला दंडाला धरून खाली बसवलं.

शुक्रवारी खालच्या रानात मशीन चालू होतं. पेट्यांसमोरच्या जमिनीवर माश्या गोल गोल फिरत होत्या, पाठीवर पडून पाय झाडत होत्या. काही मेलेल्या माश्या ओढून बाहेर टाकायला पेटीतल्या धडधाकट माश्या येत, आणि थोड्या वेळानं त्याही तिथंच पडत. बाईनं झाडू घेतला, पण झाडायला हात उचलेना. ती झाडू घेऊन तशीच उभी राहिली. 'रांगेत राहा' मात्र तिनं त्याही दिवशी दाबलं. सवयीनं. काहीतरी करायचं म्हणून.

शनिवारी उठली तेव्हा दोन्ही डोळे उघडत होते. आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला. "आलं गं तुझं तोंड परत," ती म्हणाली.

फोननं गोल दाखवला. डावीकडे, उजवीकडे, डोळे मिचकवा. एका दमात झालं. *धन्यवाद. आपली ओळख पटली आहे.* लाल नऊ हजार हिरवे झाले. बाई आणि फुग्या दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिले. बेचाळीसपैकी सात पेट्या वाचल्या होत्या. नऊ हजारांत माश्यांची पाच घरं नव्यानं घेता आली असती. सात आणि पाच बारा. बारावर पुन्हा सुरुवात करता येते, फुग्याच्या बापानं आठावर केली होती. हे दोघांच्याही मनात एकदमच आलं असावं, कारण फुग्या म्हणाला, "पाच तरी येतील."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. *लॉरीचे नऊ हजार मिळाले. गाडी निघाली आहे.*

खात्यात शून्य.

बाईनं रद्द करायचं बटण शोधलं. *गाडी निघाल्यानंतर रद्द करता येत नाही.* कारकुनाला फोन केला तर तो आनंदानंच म्हणाला, "बघा, आली की नाही पहिली गाडी तुमची? चार दिवस रांगेत राहिलात, त्याचं चीज झालं."

"नको आहे आता," ती म्हणाली. "पैसे परत करा, भाऊ. हात जोडते."

"नको म्हणजे? पेट्या न्यायच्या नाहीत?"

तिनं फोन फुग्याकडे दिला. त्यानं तो कानाला लावला, ऐकलं, आणि शेवटी, "बरं," म्हणून ठेवून दिला.

लॉरी दिवस कलता कलता आली. ड्रायव्हर नेहमीचाच होता, वर्षातून दोनदा तरी त्यांचीच खेप करणारा, दांडगा, पण माश्यांना जाम टरकणारा. उतरायच्या आधी त्यानं बाह्या खाली ओढल्या, विजारीची टोकं मोज्यांत खोचली आणि डोक्यातोंडाला फडकं असं गुंडाळलं की फक्त डोळे दिसावेत.

"मागच्या खेपेला एक सुटली होती," तो फडक्यातून म्हणाला. "मानेवर हे एवढं आलं होतं, भाऊ."

फुग्यानं रांगेच्या या टोकाची पेटी धरली. भरलेली पेटी नेहमी दोघांनी उचलायची, एकानं पुढून, एकानं मागून, श्वास रोखून. ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला आला, पाय रोवले, जोर लावला, आणि पेटी अशी झटक्यात वर आली की तो मागे कोलमडता कोलमडता राहिला.

"अरे वा!" तो म्हणाला. "या खेपेला हलक्या केल्यात की. पाठ वाचली माझी."

दुसरी पेटी त्यानं एकट्यानंच उचलली. तिसरीही. लॉरीच्या फळीवर चढवताना तो मान वाकडी करून पेटीपासून तोंड लांब धरत होता, आणि फडक्याआडून घाम त्याच्या डोळ्यांत उतरत होता. एका हातानं पेटी सावरत दुसऱ्यानं तो पुन्हा पुन्हा फडकं घट्ट करायचा.

बाई तंबूच्या दोऱ्या सोडत होती. तिच्यानं बघवेना. ती त्याच्याजवळ आली.

"सोडा ते तोंडावरचं, भाऊ," ती म्हणाली. "उगाच घामाघूम होताय. त्या सात जड आहेत, तिकडच्या, त्या आम्ही उचलतो. बाकीच्यांत तुम्हाला डसायला कोणी राहिलेलं नाही."

ड्रायव्हरनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पेटीकडे. त्यानं पेटीला कान लावला. मग फडकं सोडून खांद्यावर टाकलं आणि ती पेटी दोन्ही हातांनी, भरलेली असल्यासारखी, सावकाश फळीवर टेकवली.